ॲनिमेशन मालिकेत कितव्या भागापासून जीव लागला?

रातराणी:
काल पावसामुळे शाळेला सुट्टी, म्हणून भाचा माझ्याकडे मुलुंडला होता. दुपारी तीनलाच दिवे लावावे लागले इतकं अंधारून आलेलं. तो 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' ही ॲनिमेशन मालिका बघत होता. अकरावा भाग संपला तसा रिमोट ठेवून म्हणाला, "आत्या, हे नुसते इकडून तिकडे फिरतात. दुसरं काहीतरी लाव." म्हटलं, बारावा बघ आणि मग ठरव.

बारावा लावला आणि मलाच राहवेना. तो मी पहिल्यांदा बघितला २०११ साली, परळच्या चाळीत, दादाच्या खुर्चीमागे उभं राहून. तेव्हा आमचा अबोला होता. कारण लिहीत नाही, घरोघरी असतं तेच. एक खोली, एक कंप्युटर, निरोप आईमार्फत. तीन आठवडे चाललं होतं. रात्री पाणी प्यायला उठले तर स्क्रीनवर वादळ. इकडे मालिकेचा नायक आंग सांगतोय की भिक्षूंनी त्याला गुरू ग्यात्सोपासून तोडायचं ठरवलं म्हणून तो पळाला. तिकडे आंगचा पाठलाग करणाऱ्या राजपुत्र झुकोच्या जहाजावर त्याचा काका आयरो खलाशांना सांगतोय की झुकोच्या चेहऱ्यावर तो व्रण कसा आला. तेरा वर्षांचा पोरगा. नव्या सैनिकांना मरायला पुढे करू नका, एवढंच बोलला. त्याबद्दल द्वंद्व, आणि समोर उभा राहिला सख्खा बाप. पोरगा गुडघे टेकतो, लढत नाही. आयरो सांगतो, त्या क्षणी मी नजर फिरवली. मी तांब्या हातात घेऊन तशीच उभी. दादाने मागे न बघता शेजारचं स्टूल पायाने माझ्याकडे ओढलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या भागापासून दोघांनी मिळून बघितली.

तुमचा असा भाग कुठला? तेव्हा कुठे होतात, कोण शेजारी होतं, तेही लिहा.

भाजीबाजार:
बोजॅक हॉर्समन ही मालिका, पहिल्या सीझनचा आठवा. कुकर लावलाय, येते.

दादरचा_दुपारवाला:
स्टूल ओढलं... वा.
माझा बॅटमॅनचा 'हार्ट ऑफ आइस'. मूळ भाग १९९२ चा, मी कार्टून नेटवर्कवर बघितला. तोवर त्यातला खलनायक मिस्टर फ्रीझ म्हणजे माझ्या लेखी बर्फाची बंदूक घेतलेला एक माणूस. लेखक पॉल डिनीने त्याला आजारी बायको दिली, नोरा. तिला वाचवायला गोठवून ठेवलेलं असतं. त्या लेखनाला डेटाइम एमी हे अमेरिकन टीव्ही पारितोषिक मिळालं हे मला फार नंतर कळलं. आई जमिनीवर बसून मेथी निवडत होती. इंग्रजी तिला कळायचं नाही. "हा असा मेल्यासारखा का बोलतोय रे?" मी जमेल तसं सांगितलं. शेवटी तो कोठडीत, हातात काचेचा गोळा, आत नाचणारी बाहुली, आणि तो बायकोची माफी मागतोय. आई म्हणाली, "बायकोसाठी होय सगळं." मेथीची जुडी मांडीवर तशीच. बाबांना जाऊन वर्ष झालं नव्हतं.

कांदाभजी:
@दादरचा, काय लिहू. काकूंना नमस्कार सांगा.
रात्री त्याच चॅनलवर टीएनटी, म्हणजे इंग्रजी सिनेमांचं चॅनल, सुरू व्हायचं आठवतंय का? आमच्याकडे तेव्हाच जेवायला हाक.

दादरचा_दुपारवाला:
आठवतंय तर! आमचा केबलवाला पावसात गच्चीवर चढून वायर जोडायचा. देवमाणूस.

विरारची_पहाट:
वन पीस ही जपानी मालिका, भाग ३७. छत्तीस भाग मित्राच्या आग्रहाखातर रेटले, खरं सांगते. ३७वा विरार फास्टमध्ये बघितला, चौथी सीट, अर्धी मी बाहेर. नामी आठ वर्षं चोऱ्या करून पैसे जमवते, आपलं गाव सोडवायला. दहा कोटी बेरी, तिथलं चलन. आणि गाव ताब्यात ठेवणारा अर्लाँग ते पैसे दुसऱ्याकरवी काढून घेतो. मग ती मालिकेच्या नायकाला, लुफीला, पहिल्यांदा म्हणते, मला मदत कर. जिला तो कुणाला हात लावू देत नाही ती आपली टोपी लुफी तिच्या डोक्यावर ठेवतो, आणि चालू लागतो. बोरिवली आलं तेव्हा मी हमसून रडत होते. समोरच्या मावशींनी पिशवीतून रुमाल काढून दिला, "घरी सगळं बरं आहे ना गं?" त्या भाईंदरला उतरल्या. रुमाल अजून माझ्याकडे आहे.

गच्चीवरून:
चौथ्या सीटवर मावशी नेहमी देवासारख्या भेटतात.

मधुमालती६४:
आमच्या वेळी दूरदर्शनवर रविवारी मोगली. शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. त्यात सुधारायला काही नव्हतंच, पहिल्या दिवसापासून सोसायटी ओस पडायची. विषयाला सोडून असेल तर क्षमस्व, पण लिहावंसं वाटलं.

कांदाभजी:
क्षमस्व कशाला काकू, लिहा अजून.

शिवडी_टू_सोल:
थोडं वेगळं मत. बारावा भाग चांगला आहे तो आधीच्या अकरांमुळे. पहिल्याच भागात आंग त्याची मैत्रीण होणाऱ्या कताराला पेंग्विनवर बसून घसरायला लावतो. ती म्हणते, लहानपणानंतर हे केलंच नाही. तो म्हणतो, तू अजून लहानच आहेस. हसणारा हा पोरगा कशापासून पळालाय ते बाराव्यात कळतं. सरळ बारावा लावला तर निम्मं हरवतं. म्हणून मी कुणालाही भाग गाळायला सांगत नाही.

रातराणी:
पटलं. म्हणूनच आम्ही परत पहिल्यापासून बघितली.

रेघोट्या:
गोरेगावला ॲनिमेशन स्टुडिओत स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रसंगांची कच्ची चित्रं, करते, म्हणून आतलं सांगते. पहिले भाग लिहिताना लेखकाला पात्राचा आवाजच माहीत नसतो. कलाकार रेकॉर्डिंगला उभा राहतो, एखादं वाक्य वेगळंच म्हणतो, आणि मग पुढचं लिखाण त्या आवाजासाठी होतं. चित्रांचंही तेच. पाच-सहा भागांनंतर हाताला त्या माणसाचे खांदे कळतात. पण काम महिनोन् महिने आधी झालेलं असतं, त्यामुळे शिकलेलं पडद्यावर यायला उशीर लागतो. सिम्प्सन्स या अमेरिकन मालिकेचा पहिला तयार झालेला भाग कोरियाहून ॲनिमेशन होऊन परत आला तेव्हा बराचसा पुन्हा करावा लागला. तो सीझनच्या शेवटी ढकलला, आणि मालिका १९८९च्या डिसेंबरात ख्रिसमसच्या भागाने सुरू झाली. तेव्हा पहिल्या पाच भागांना जरा माया दाखवा. तिथे कुणीतरी रात्र रात्र बसलेलं असतं.

गच्चीवरून:
हे माहीत नव्हतं. खांदे कळतात, हे फार आवडलं.

भाजीबाजार:
आले. आठव्यात बोजॅक मरायला टेकलेल्या जुन्या मित्राकडे, हर्बकडे, माफी मागायला जातो, आणि हर्ब माफ करत नाही. तोवर मला वाटायचं मनापासून माफी मागितली की ती मिळतेच. माझ्या एका मैत्रिणीकडे मी सहा वर्षं उशिरा गेले होते, सायनला. तिने चहा दिला, विचारपूस केली, आणि नाही म्हणाली. रागावली नाही. घरी येऊन हा भाग परत लावला. एवढंच. मुलीचा डबा राहिलाय.

विरारची_पहाट:
@भाजीबाजार, गेलात हे मोठं आहे. खरंच.

भाजीबाजार:
थँक यू गं.

शिवडी_टू_सोल:
@रातराणी, भाच्याने मग बारावा पूर्ण बघितला का?

रातराणी:
बघितला. झुको शिडीवरून निसटणाऱ्या खलाशाला धरतो तिथे उठून टीव्हीजवळ जाऊन बसला. संपल्यावर म्हणाला, "आत्या, बाबा पण आत्ता जहाजावरच आहे ना?" दादा मर्चंट नेव्हीत आहे, हे वर लिहायचं राहिलं. दादाला तेव्हाच व्हॉइस मेसेज केला. आज सकाळी उत्तर आलंय: पुढचे सगळे बघा, पण शेवटचे चार मी घरी आल्यावर.