डोळ्याला 'भूल' देतात की डोळा 'बधिर' करतात?

गंगावेसकर
आईचा मोतीबिंदू पुढच्या आठवड्यात काढायचाय. संमतीपत्रावर छापलंय 'स्थानिक भूल'. आई म्हणाली, "भूल नको बाबा, शुद्धीवरच नाही आले तर?" म्हटलं, अगं, स्थानिक आहे. तर म्हणते, "म्हंजे कोल्हापूरची? मग पुण्याची कसली असती?" हसलो खरा, पण नेमका शब्द कोणता?

पाटीपेन्सिल
आईंचं बरोबर आहे. भूल माणसाला पडते, अवयवाला नाही. रानभूल पडते, पैशाची भूल पडते. सगळीकडे भान हरपणं आहेच. 'बधिर' मात्र अवयवाचा शब्द. संस्कृतात त्याचा अर्थ ऐकू न येणारा. त्यातूनच आपला 'बहिरा' आला. मराठीनं मग वाटणी केली : बहिरा कानाला, बधिर बोटाला नि दाताला. (मूकबधिर तेवढा जुन्या घरात राहिला.) आणि धि ऱ्हस्वच, 'बधीर' नव्हे.

हिरवा गाऊन
मी डोळ्यांच्या थिएटरात नर्स आहे. आमच्यात 'ब्लॉक' आणि 'थेंब' एवढेच दोन शब्द चालतात. ब्लॉक म्हणजे बुबुळात सुई नव्हे, डोळ्याच्या बाजूनं खोबणीत. त्यात बहुतेक वेळा लिग्नोकेन आणि ब्युपिव्हाकेन एकत्र करतात. लिग्नोकेन काही मिनिटांत चढतं, पण लवकर उतरतं. ब्युपिव्हाकेन सावकाश चढतं आणि कित्येक तास टिकतं. औषध नीट पसरावं म्हणून हायल्युरोनिडेज घालतात. थेंब म्हणजे प्रोपॅराकेन : अर्ध्या मिनिटात काम सुरू, पंधरा-वीस मिनिटांत ओसरतं, म्हणून परत परत टाकायचे. फेकोला, म्हणजे बारीक छेदातून मोतीबिंदू फोडून काढतात त्या ऑपरेशनला, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

गंगावेसकर
मग दोन्हीला 'बधिर'च म्हणायचं ना?

हिरवा गाऊन
तिथंच अडतं. थेंबांनी दुखणं जातं, पण दाब कळतो, उजेड दिसतो आणि डोळा हलतो. ब्लॉकनं दुखणं जातंच, शिवाय डोळा हलायचा थांबतो, पापणी पडते, दिसायचंही अंधुक होतं. म्हणून पट्टी बांधून घरी पाठवतात. हे 'हलणं थांबणं' बधिर शब्दात कुठं येतं? आम्ही नुसतं विचारतो, "ब्लॉक बसला का?"

पाटीपेन्सिल
'डोळा खिळवणे' चालेल? नजर खिळते, तसा.

हिरवा गाऊन
खिळा म्हटल्यावर पेशंट टेबलावरनं उठून जाईल!

उसाचा_रस
थोडं अवांतर. डोळा थेंबांनी बधिर करण्याची सुरुवात १८८४ ची, व्हिएन्नाच्या कार्ल कोलरची, आणि औषध होतं कोकेन. लिग्नोकेन १९४३ मध्ये स्वीडनमध्ये तयार झालं. 'केन' हे शेपूट त्या कोकेनचंच.

गंगावेसकर
भारी. आईला आता 'डोळा बधिर करणार, तू जागीच असशील' एवढंच सांगतो. पण थेंब का सुई, हे आम्ही ठरवायचं का?

हिरवा गाऊन
डॉक्टर ठरवतात, पण माहिती तुम्ही द्यायची. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, सारखा खोकला येतो का, मान हलते का, आडवं पडून राहता येतं का. आणि ऐकू कसं येतं, तेही सांगा. थेंबांवर करताना "आजी, दिव्याकडं बघा" हे ऐकू यावं लागतं. कान अगदीच गेलेले असतील तर बऱ्याचदा सुईच बरी पडते.

पाटीपेन्सिल
म्हणजे मुळात बधिर असेल, तर पुरताच बधिर करायचा!