इंग्लंडमधल्या खेड्यात घर घेतलंय का? अनुभव सांगा

चिमणपाखरू: आज आमच्या लेनमधल्या कोपऱ्यावरच्या घराला 'सोल्ड एसटीसी'ची (विकलं, पण करार व्हायचाय) पाटी लागली आणि पोटात तोच जुना गोळा आला. इथे ऑफर मान्य झाली तरी कॉन्ट्रॅक्ट एक्सचेंज (सह्या केलेल्या करारांची अदलाबदल) होईपर्यंत कुणीही मागे फिरू शकतं. आमचं डॉर्सेटमधलं गवती छपराचं घर, सासूबाईंचे साताऱ्यात पेढे वाटून झाले आणि चेनमधले वरचे लोक, म्हणजे आमचा विक्रेता ज्यांचं घर घेणार होता ते, फिरले, विक्रेत्याला दुसरं घर मिळेपर्यंत आमचा जीव टांगणीला. त्यात ग्रेड टू लिस्टेड (वारसा म्हणून संरक्षित), म्हणजे आतलं जुनं दारसुद्धा परवानगीशिवाय काढलं तर फौजदारी गुन्हा. गवती छपराचा विमा ऑफर देण्याआधीच विचारून घ्या, आणि लेव्हल थ्री सर्व्हे (घराची सर्वात सखोल तपासणी) कराच. तुमचं काय झालं?

माणदेशी: सेप्टिक टँक!!! सर्व्हेवाल्याने सांगितलं पाणी थेट ओढ्यात जातंय. ते चालत नाही, जुन्या टाक्यांना १ जानेवारी २०२० ची मुदत होती. ट्रीटमेंट प्लँटचा खर्च किमतीतून वजा करून घेतला, तेव्हाच सही केली.

रानजाई: गॅसची लाइन नाही, बागेत केरोसीनची टाकी. आई आली तेव्हा म्हणाली अगं रॉकेल?? आणि रेशनच्या रांगेच्या गोष्टी सुरू. गावातले सगळे मिळून टँकर मागवतात, स्वस्त पडतं, शेजारीण आधी त्यामुळेच ओळखीची झाली

कोकणकडा: लेक डिस्ट्रिक्टला बघत होतो. एक घर आजूबाजूच्यापेक्षा बरंच स्वस्त, कागद बघितले तर ॲग्रिकल्चरल टाय, शेतीत काम करणाऱ्यानेच राहायचं. सोडलं. पण अट मला पटते, नाहीतर तिथल्या पोरांनी राहायचं कुठे? आमच्या दापोलीकडे बघा, निम्मे बंगले वर्षभर बंद.

माणदेशी: +१ अगदी

धुळपाटी: जुन्या चर्चजवळ घेताय तर चॅन्सल रिपेअर सर्च करा, म्हणजे चर्चच्या वेदीकडच्या भागाच्या दुरुस्तीचा खर्च घरमालकावर येतो का ते कळेल. वॉरविकशरमधल्या ॲस्टन कँटलोच्या जोडप्याला चर्चच्या दुरुस्तीचा खर्च भरावा लागला, २००३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत जाऊन हरले बिचारे. ऑक्टोबर २०१३ नंतर नियम सैल झालाय तरी सॉलिसिटरला विचारा. फुटपाथचंही (सार्वजनिक पायवाट), काउंटी कौन्सिलच्या डेफिनिटिव्ह मॅपवर, म्हणजे अशा वाटांच्या अधिकृत नकाशावर, बघा तुमच्या अंगणातून वाट जाते का.

सायली_डेव्हन: आमच्या जाते 🙂 रविवारी कुत्री घेऊन लोक येतात, सासरे खुर्ची टाकून बसतात आणि प्रत्येकाला मॉर्निंग करतात. त्यांना इथे करमायला लागलं ते त्या वाटेमुळेच

चिमणपाखरू: सायली किती गोड!! रानजाई, तुमच्याकडे मेथी कुठे मिळते गं?

रानजाई: शहरात गेले की आणते, आता कुंडीत लावलीये, दाणे किराणातलेच पेरले. उन्हाळ्यात भराभर येते, गोगलगायींपासून जप मात्र

माणदेशी: गोगलगायींना काय करता? आमची कोथिंबीर रात्रीत फस्त