चर्चा: शाळेच्या मुलांसाठीचं नाटक, नाच, वादन संग्रहालयाच्या दालनातच कशाला हवं?

काचपेटी

शाळांच्या भेटींसाठी संग्रहालयं हल्ली बाहुल्यांचे खेळ, नाट्यप्रवेश, नृत्य, वाद्यवादन ठेवतात. ठेवावंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण हे सगळं मांडलेल्या वस्तूंच्या मधोमध करण्याचं जे खूळ निघालंय, त्याला माझा विरोध आहे. सभागृह असतं, आवार असतं, तिथे करा की.

आधी प्रकाशाचं बघू. कापड, जलरंग, रंगवलेलं चामडं यांना ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर प्रकाश नको. आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाच्या २००४ च्या मार्गदर्शिकेनुसार सर्वांत नाजूक गटातल्या वस्तूची वर्षाची मर्यादा १५,००० लक्स-तास (लक्स गुणिले तास). नाटकाचे दिवे ८०० लक्स देतात असं धरलं तर ४० मिनिटांच्या एका प्रयोगात ५३३ लक्स-तास खर्ची पडतात. असे २८ प्रयोग झाले की वर्षाचा कोटा संपला, आणि रोजच्या प्रेक्षकांसाठी लागणारा प्रकाश अजून यात धरलेलाच नाही.

मग दमटपणा. दालन २० × १२ × ६ मीटरचं, म्हणजे १,४४० घनमीटर हवा. शांत बसलेलं मूल श्वास आणि घामावाटे तासाला साधारण ४० ग्रॅम बाष्प सोडतं. ९० मुलं, पाऊण तास: २.७ किलो पाणी. हवा खेळती नसेल तर दर घनमीटरला जवळजवळ १.९ ग्रॅम, आणि २२ अंशांना त्याचा अर्थ सापेक्ष आर्द्रता ९-१० टक्क्यांनी वर. प्रयोग संपून मुलं गेली की ती पुन्हा खाली. लाकूड आणि हस्तिदंताला ही चढउतारच मारते.

राहिलं कंपन. मँचेस्टर संग्रहालयात २०१३ मध्ये नेब-सेनूची पंचवीसेक सेंटिमीटरची इजिप्शियन मूर्ती बंद पेटीत आपोआप फिरताना कॅमेऱ्यात दिसली, तेव्हा भुताखेतांच्या बातम्या झाल्या. कारण निघालं ते पावलांचं आणि बाहेरच्या रहदारीचं कंपन, आणि मूर्तीचा किंचित फुगीर तळ. नुसत्या चालण्याने हे होतं. तिथे ९० मुलं एका ठेक्यावर उड्या मारू लागली तर?

तिसरी घंटा

हिशोब नीटनेटका आहे, पण ८०० लक्स मोजले कुठे? नटाच्या तोंडावर! प्रकाशमापक पेटीच्या काचेवर धरायचा असतो. कडा कापता येणारा प्रोफाइल स्पॉट लावला, पात्याने प्रकाश नटाच्या खांद्याबाहेर छाटला आणि दिव्याची पाठ पेटीकडे ठेवली, तर काचेवर पोचतो तो फक्त भिंती-फरशीवरून उलटून आलेला उजेड. शिवाय ८०० लागतात कशाला? आधी पाच-सात मिनिटं दालन मंद ठेवा, मुलांचे डोळे सरावले की चेहऱ्यावर १५० लक्स भरपूर होतात. एलईडी वापरला तर अतिनील किरण जवळपास नाहीतच, आणि हॅलोजनसारखी भट्टीही पेटत नाही.

दमटपणाचं म्हणाल तर तो उघड्या मांडणीला लागू. चांगल्या बंद पेटीतली हवा बदलायला एक दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. बाहेरचा पाऊण तासाचा चढ आत जाणवतही नाही. आणि ९० मुलं एका वेळी आणायला सांगितलं कुणी? ३० आणा.

हे काही आजचं खूळही नाही. आर्तुर हॅझेलियसने १८९१ मध्ये स्टॉकहोमला स्कान्सेन हे संग्रहालय उघडलं, तिथे लोकनृत्य आणि लोकसंगीत मांडणीचाच भाग होतं. लंडनच्या नॅशनल गॅलरी या चित्रसंग्रहालयात पियानोवादक मायरा हेसने ऑक्टोबर १९३९ पासून दुपारच्या मैफली सुरू केल्या आणि युद्धभर चालवल्या. २०२२ मध्ये आयकॉमने (आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने) प्रागला संग्रहालयाची जी नवी व्याख्या मंजूर केली, तिच्यात शिक्षणाच्या शेजारी आनंद हा शब्द आहे.

काचपेटी

दोन्ही उदाहरणं माझ्या बाजूची निघाली हो. स्कान्सेन उघड्यावरचं संग्रहालय आहे, मी आवारातच करा म्हणतोय. आणि मायरा हेसच्या मैफली सुरू झाल्या तेव्हा नॅशनल गॅलरीच्या भिंतींवर चित्रं नव्हती, बॉम्बच्या भीतीने ती आधीच हलवली होती. रिकाम्या दालनात खुशाल गा.

तिसरी घंटा

हा टोला लागला. मान्य. तरी प्रकाशाचं उत्तर आलेलं नाही, हे नोंदवून ठेवतो.

कानसेन

तुम्ही दोघं वस्तू वाचवण्यावर भांडताय. त्या दालनात मुलांना ऐकू काय येतं ते कुणी विचारतच नाही.

काचपेटींचंच दालन घ्या. दगडी फरशी, गिलावा, काच. सगळं मिळून आवाज शोषणारं क्षेत्र जेमतेम ७० चौरस मीटरइतकं. साबिनच्या सूत्राने (०.१६१ × घनफळ ÷ शोषण) आवाज विरायला ३.३ सेकंद लागतात. वर्गखोलीसाठी अमेरिकी मानक ०.६ सेकंद सांगतं. इतक्या घुमणाऱ्या जागेत वक्त्यापासून दोनेक मीटर गेलं की थेट आवाजापेक्षा भिंतींवरून परतलेला आवाज जास्त होतो. स्वर लांबतात आणि त्यांच्या शेपटीखाली पुढच्या अक्षरातलं व्यंजन दबतं. ‘स’, ‘त’, ‘प’ पहिले बळी. मुलांना गाण्याची चाल कळते, शब्द नाही. मग ती चुळबुळ करतात आणि शिक्षक म्हणतात मुलं दंगेखोर आहेत.

यावर सगळीकडे एकच इलाज होतो: माइक लावून आवाज वाढवणं. तो उलटतो, कारण थेट आवाजाबरोबर घुमणाराही तितकाच वाढतो. आवाज वाढवण्याऐवजी कान जवळ आणा. पहिली रांग दोन मीटरवर, शेवटची सहाच्या पुढे नको, मुलं अर्धवर्तुळात फरशीवर. बसलेलं एक मूल साधारण ०.४ चौरस मीटर शोषण देतं, म्हणजे ९० मुलांचे ३६. नटाच्या मागच्या भिंतीवर चुण्या घालून ४० चौरस मीटरचा जाड पडदा टांगला की आणखी वीसेक. एकूण १२६, काळ १.८ सेकंदांवर येतो. संथ, तोडून बोललेलं कळायला एवढं चालतं. जलद संवादांची जुगलबंदी तरीही नाही.

म्हणून तिसरी घंटा ‘३० आणा’ म्हणतात तेव्हा एक गोष्ट विसरतात: ३० मुलं शोषणाला १२ च देतात. गट लहान केला तर पडदे वाढवावे लागतील, नाहीतर ९० साठी बसवलेला प्रयोग ३० समोर जास्त गढूळ ऐकू येतो. रिकाम्या दालनातल्या तालमीवर तर विसंबूच नका. तिथे बसवलेला वेग आणि भरलेल्या दालनातला वेग वेगळा असतो.

आणि मोठी चर्मवाद्यं बंद दालनात नकोत. जवळून १०० डेसिबल सहज होतात. ८५ डेसिबलला आठ तास आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी, या नियमाने १०० ला पंधरा मिनिटं मिळतात, तीही मोठ्या माणसांच्या कानांची.

वहीतलं पान

आता शिकवण्याच्या बाजूने. सहलीतल्या बऱ्याच प्रयोगांनंतर मुलांच्या लक्षात नट राहतो, वस्तू राहत नाही. ‘राजाने आरोळी ठोकली’ हे सगळ्यांना आठवतं. राजाची ढाल कुठल्या पेटीत होती, कशाची होती, ते विचारलं की शांतता. असा प्रयोग सभागृहात काय, शाळेतही झाला असता. त्यासाठी बस कशाला? या अर्थाने काचपेटींशी सहमत, कारण मात्र वेगळं.

व्यवहारात कुठे घसरतं ते सांगतो. एक, वेळ. सहा-सात वर्षांच्या मुलांना २५-३० मिनिटं, आठ ते बाराला ४०-४५, त्यापुढे ताणू नये. बस वीस मिनिटं उशिरा येणार हे गृहीत धरून संहितेत एक सोडता येणारा प्रवेश ठेवावा. तो गाळला तरी गोष्ट तुटता कामा नये. शेवट उरकणं हा मार्ग नव्हे, कारण शेवटीच मुलांना वस्तूकडे वळवायचं असतं. दोन, मुलं आल्या आल्या स्वच्छतागृह आणि पाणी, दप्तरं बाहेर, मगच बसवणं. यात पंधरा मिनिटं जातात. वेळापत्रकात ती कुणी लिहीत नाही आणि मग प्रयोगातून कापली जातात. तीन, चाकाच्या खुर्चीतलं मूल शेवटच्या रांगेत ढकललं जातं, कारण बाकीचे फरशीवर बसतात आणि खुर्ची ‘आड येते’. त्याची जागा अर्धवर्तुळाच्या टोकाला, पुढेच हवी.

चार, आणि हे मोठं: ‘मी अमुक राणी आहे’ असं पहिल्या पुरुषात बोलणारं पात्र. सात वर्षांच्या आतल्या बऱ्याच मुलांना ही खरीच राणी वाटते. मोठी मुलं उलट नटाला आडवे प्रश्न टाकून तंगवतात. ‘तुझ्याकडे फोन आहे का?’ याचं उत्तर तालमीतच तयार हवं. शेवटी पाच मिनिटं टोप उतरवून, स्वतःच्या आवाजात, काय पुराव्यावरचं आणि काय रचलेलं हे नटाने सांगितलंच पाहिजे. गुलाम, कैदी, छळ झालेले लोक या भूमिका मुलांना करायला देऊ नयेत. सहानुभूतीच्या नावाखाली वर्गातल्या एखाद्या मुलावर ती भूमिका चिकटते आणि शाळेत परतल्यावर चिडवाचिडवी होते.

तिसरी घंटा

वहीतलं पान, ‘शाळेतही झाला असता’ हा तुमचा आक्षेपच कसोटी म्हणून वापरा. जो प्रयोग शाळेत होऊ शकतो तो दालनात नको. उरलेले दालनातच हवेत.

उदाहरण देतो. पेटीत गजाने वाजवायचं जुनं तंतुवाद्य आहे. ते स्वतः वाजवायचं नाही, तारांचा ताण जुना सांधा उखडतो. सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायचं वाद्य असतं तर श्वासातल्या ओलीने लाकूड तडकलं असतं. म्हणून प्रतिकृती. वादक पेटीच्या शेजारी बसून १२ मिनिटं वाजवतो. मुलांना एकच काम: त्याचा डावा अंगठा कुठे टेकतो ते बघायचं. मग वादन थांबवून १०-१२ जणांचे गट पेटीपाशी. प्रश्न एकच, ‘दांडीवरचा रंग कुठे उडालाय?’ तिथेच, जिथे अंगठा टेकत होता. त्या क्षणी मुलाला समजतं की ही वस्तू कुणीतरी वर्षानुवर्षं हातात धरली होती. हे सभागृहात होत नाही, कारण अंगठा सभागृहात आणि झीज दालनात. मध्ये जिना, रांग आणि वीस मिनिटं. तोवर अंगठा विसरलेला असतो.

छायाबाहुल्यांचंही तेच. मूळ चामडी बाहुली मंद उजेडात मेल्यासारखी दिसते. शेजारी नवी बाहुली पडद्यामागे हलली की तिला भोकं का पाडली ते सांगावं लागत नाही. आणि हा खेळ मुळातच अंधारातला. काचपेटींच्या ५० लक्सला याहून सोयीची कला नाही!

कसर

कपडेपट आणि सामानाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. दालनात सगळ्यात घातक पाहुणा दिव्यातून येत नाही, ट्रंकेतून येतो. लोकरी शाली, पिसांचे मुकुट, कच्च्या बांबूचे भाले यांच्यात कसर, लोकर खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळ्या, लाकूड पोखरणारे किडे असतात. सामान दालनात नेण्याआधी प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून उणे ३० अंशांना तीन दिवस, किंवा उणे २० ला दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. सामान खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं, नाहीतर त्यावर दव धरतं. रंगवलेलं चामडं, लाखेचा मुलामा असलेल्या वस्तू गोठवू नका, नुसत्या तपासा.

चमकी, अक्षता, फुलं, खरे दिवे, धूर: एकही नाही. धुराच्या यंत्रातलं ग्लायकोल काचेवर आणि उघड्या वस्तूंवर पातळ थर सोडतं, शिवाय आगीची घंटा वाजते ते वेगळं. चमकी पेटीच्या फटीत वर्षानुवर्षं सापडत राहते.

काचपेटी

कसर यांच्या प्रतिसादातला शब्दन् शब्द मान्य. तंतुवाद्याच्या उदाहरणाने माझं मत थोडं हललं हेही कबूल करतो. १२ मिनिटं, एक वादक, बसलेली मुलं: यात प्रकाश, दमटपणा, कंपन यांपैकी काहीच उरत नाही.

पण नाच? त्यावर मी ढळणार नाही. ठेका सेकंदाला दोनचा असेल तर जमिनीला त्याच्या पटीतले चार, सहाचे धक्केही बसतात, आणि लांब तुळयांवरच्या मजल्यांची स्वतःची हालचाल बरेचदा सेकंदाला चार ते आठच्या पट्ट्यातच असते. दोन्ही जुळलं की फळ्या थरथरतात. वरच्या मजल्यावर नाच कधीच नाही. तळमजल्यावर, जमिनीत भरलेल्या फरशीवर, तेही पेट्यांपासून लांब, आणि पेटीतली प्रत्येक सुटी वस्तू मायक्रोक्रिस्टलाइन मेणाने किंवा खाली सिलिकॉनची चकती देऊन धरलेली असेल तर विचार करीन. मुलांनी उठून नाचायचं असेल तर आवार.

तिसरी घंटा

नाचता येईना अंगण वाकडं असं ऐकलं होतं, इथे नाचता येतं तरी अंगणातच जा! असो. तळमजला, मेण, मुलं बसलेली, नर्तक एक आणि अनवाणी. एवढं मला चालेल.

कानसेन

पायाखाली जाड सतरंजी टाकू नका मात्र. पावलाचा आवाज कमी होतो म्हणून कंपन कमी झालं असं वाटतं. टाचेचा ‘टक्’ विरतो, पण कमी वारंवारतेचा धक्का तसाच खाली जातो. कंपनमापक पेटीच्या फळीवर चिकटवा आणि आधी दालन रिकामं, मग एक नर्तक, मग सगळी मुलं आत येताना, असे तीन आकडे घ्या. बरेचदा तिसराच सर्वांत मोठा निघतो. म्हणजे नाच नव्हे, मुलांना धावत आत सोडणं बंद करायचं असतं.

वहीतलं पान

हे शाळांना आधीच पाठवायच्या कागदावर पहिल्या ओळीत हवं. कागद दोन पानांच्या वर नको, तिसरं पान कुणी वाचत नाही.

तिसरी घंटा

कंपनमापक नसेल तर सोपी युक्ती: पेटीतल्या फळीवर पाण्याने भरलेला पेला ठेवायचा, नाचून बघायचं, पाण्यावर वलयं उठली की थांबायचं.

काचपेटी

पाण्याचा पेला. पेटीत. आणि मी दालनाची किल्ली द्यायला निघालो होतो.

तिसरी घंटा

रिकाम्या पेटीत हो!