अमोरिमले ठेवून बाकीचा स्टाफ बदला म्हणावं का? (२०२५ची चर्चा)

जागलीवाला, दिग्रस

राम राम मंडळी.

आमचा मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडच्या फुटबॉल क्लबच्या चाहत्यायचा ग्रुप आहे, दिग्रस-दारव्हा-आर्णी पट्ट्यातला. बहुतेक कास्तकारायचे पोट्टे, दोन-तीन मास्तर, एक मेडिकलवाला अन् मी कृषी केंद्रवाला. २१ मे २०२५ले बिलबाओत झालेल्या युरोपा लीगच्या फायनलपासून ग्रुपवर आग लागून आहे. आपल्या इकडं मॅच चालू झाली रात्री साडेबाराले. अंगणात कूलर लावला, मोबाईल उशीले टेकवला अन् पाहत बसलो. टॉटनहॅमनं १-० नं हरवलं. ब्रेनन जॉन्सनचा गोल तर असा, का बॉल आपल्याच ल्यूक शॉच्या अंगाले लागून आत गेला. लीगमध्ये नंबर १५वा, ३८ पैकी १८ मॅच हारलो, पॉइंट ४२. शेजारचा चेल्सीवाला आता दुकानात युरियाचा भाव विचाराले येते अन् जाता जाता "बिलबाओ कसं होतं भाऊ?" म्हणते.

तर ग्रुपमध्ये दोन तट पडले. एक म्हणते हेड कोच अमोरिमले काढा. दुसरा म्हणते त्याले राहू द्या, त्याच्या सोबतचे बदला. पोट्ट्यायनं ठरवलं का बस स्टँडच्या चौकात फ्लेक्स लावाचा अन् त्याचा फोटो क्लबच्या पेजवर टाकाचा. आता इतक्या दुरून आपली मागणी कोन वाचते हे मले माहीत आहे, पण बियाण्याच्या सीझनमध्ये पोट्ट्यायचा हुरूप मोडाले मन होत नाही. मी अमोरिमचा फोटो घेऊन फ्लेक्सवाल्याकडं गेलो. त्यानं फोटो पाहिला अन् विचारलं, "वाढदिवस का भावपूर्ण श्रद्धांजली?" त्याले सांगितलं का बावा दोन्ही नाही, मागणी आहे. तर तो म्हणे, मंग मागणी नीट लिहून आणा, अर्धवट मजकूर मी छापत नाही.

तिथंच अडलो. मागणी नेमकी काय?

"सोबतचे बदला" म्हणणं सोपं आहे. पण हे सोबतचे कोन? कार्लोस फर्नांडिस, अडेलिओ कँडिडो, इमॅन्युएल फेरो, गोलकीपरायचा जॉर्ज व्हिटल, अन् फिटनेस-सायन्सवाला पाउलो बरेरा. पाचही जण अमोरिमनं त्याच्या जुन्या क्लबहून, पोर्तुगालच्या स्पोर्टिंगहून, स्वतःसंगं आणले. त्याचेच लोक काढा म्हणणं म्हणजे त्यालेच काढा म्हणणं नाही का, फक्त जरा लाजत लाजत? अन् दुसरं असं, का यातला कोन काय करते हे आमच्या ग्रुपात एकालेही धड सांगता येत नाही. माझ्या दुकानात कास्तकार येते अन् म्हणते "काहीतरी जोरदार द्या, कपाशी लाल पडून राह्यली." मी त्याले म्हणतो, आधी पान आण. आमच्या ग्रुपचं तेच चालू आहे, पान कोनी आणत नाही अन् फवारा सगळ्यायले पाहिजे.

म्हणून विचारतो. हेड कोच तोच ठेवून आजूबाजूचे बदलले अन् क्लब सुधारला, असं खरंच झालं आहे का? अन् झालं असंन तर फ्लेक्सवर आमी नेमकं काय लिहावं? "अमोरिम आउट" लिहिणाऱ्यायनं मेहरबानी करून कारणही लिहावं.

वणीचा विंगर

जागलीभाऊ, फ्लेक्सवर दोनच शब्द टाका: सगळे घरी. जागा उरली तर मालकाचाही फोटो टाका.

कारण पाहिजे ना, घ्या. तुमचा हा "सोबतचे बदला"वाला फॉर्म्युला मागच्याच वर्षी झाला आहे, विसरले काय? जुलै २०२४ मध्ये तेव्हाचा हेड कोच टेन हागले मुदत वाढवून देल्ली. त्याच उन्हाळ्यात त्याचे जुने सहायक गेले. मॅक्लॅरन गेला, फान डर खाग गेला, बेनी मॅकार्थी गेला. नवे आले रूड फान निस्टलरॉय अन् रेने हाके. लीगच्या ९ मॅच झाल्या, टीम १४व्या नंबरवर, अन् २८ ऑक्टोबरले हेड कोचचीच सुट्टी. मंग अमोरिमले सोडवाले स्पोर्टिंगले १ कोटी १० लाख युरो मोजले. अन् तिकडं ऑफिसमधले अडीचशे लोक कमी केले, कॅन्टीनचं फुकटचं जेवण बंद केलं. कोच बदलाले पैसा आहे, वरण-भाताले नाही.

पीटी मास्तर, पुलगाव

विंगर, उदाहरण बरोबर आहे, निष्कर्ष घाईचा आहे. एका वर्षावरून ठरवायचं असेल तर त्याच क्लबची सत्तावीस वर्षं का सोडायची?

मॅनेजर फर्ग्युसन १९८६ ला आले आणि २०१३ ला गेले. माणूस एकच राहिला, पण त्यांच्या शेजारची खुर्ची सतत बदलत गेली. आधी आर्ची नॉक्स. १९९१ पासून ब्रायन किड. किड डिसेंबर १९९८ मध्ये ब्लॅकबर्नला गेला, म्हणजे भर हंगामात. लोकांना वाटलं, गेलं आता वर्ष. फेब्रुवारीत स्टीव्ह मॅक्लॅरन आला. त्याची पहिलीच मॅच नॉटिंगहॅम फॉरेस्टशी, ८-१, त्यात सोल्शायरचे बाकावरून येऊन चार गोल. मे महिन्यात तीन कप. आता हे तीन कप मॅक्लॅरनने आणले असं मी म्हणणार नाही, टीम तयारच होती. पण तो २००१ मध्ये मिडल्सब्रोला निघून गेला, त्या जागी तेवढ्या तोडीचा माणूस आणला नाही, आणि २००१-०२ मध्ये युनायटेड तिसरा, हाती एकही कप नाही. पुढच्या वर्षी कार्लोस केरोश आला, लीग परत आली. २००३ मध्ये तो रेआल माद्रिदला गेला, युनायटेड पुन्हा तिसरा. २००४ ला परतला, आणि २००८ मध्ये लीग आणि चॅम्पियन्स लीग दोन्ही. योगायोग म्हणा हवं तर, पण एकाच माणसाच्या येण्याजाण्यात इतके योगायोग मला पचत नाहीत.

याहून जुनं घ्या. मॅनेजर ब्रायन क्लफ आणि त्याचा सहायक पीटर टेलर. दोघांनी मिळून १९७२ ला डर्बीला लीग जिंकून दिली, १९७८ ला फॉरेस्टला, वर १९७९ आणि १९८० ला युरोपियन कप. मधे १९७४ ला क्लफ एकटाच लीड्सला गेला, टेलर दोघांच्या तेव्हाच्या क्लबला, ब्रायटनलाच थांबला. लीड्सवर क्लफ ४४ दिवस टिकला. टेलर १९८२ मध्ये बाजूला झाल्यावर क्लफ अकरा वर्षं फॉरेस्टवर होता, लीग पुन्हा काही मिळाली नाही.

आता उलटं उदाहरण, तुमच्या जखमेवरचं. २०१३ मध्ये फर्ग्युसनच्या जागी मोयेस आला. आदल्या हंगामात ११ पॉइंटच्या फरकाने लीग जिंकलेली टीम. फर्ग्युसनचे सहायक फेलन, म्यूलेनस्टीन, गोलकीपर कोच एरिक स्टील, तिघेही गेले आणि मोयेसने एव्हर्टनची आपली माणसं आणली. घराच्या किल्ल्या ज्यांच्याकडे होत्या तेच गेले. एप्रिल २०१४ मध्ये मोयेसही गेला, टीम सातवी.

तेव्हा जागलीवाले, सहायक बदलल्याने फरक पडतो. दोन्ही दिशांनी पडतो, एवढंच. फर्ग्युसनना प्रत्येक वेळी स्वतःला काय जमत नाही ते ठाऊक होतं, आणि ते जमणारा माणूस ते आणत. तुमच्या अमोरिमने आणलेले पाचही जण त्याच्यासारखाच विचार करणारे आहेत. मला खटकतं ते हे.

मी शाळेत मुलींची टीम तयार करतो. कोच मीच, गोलकीपर कोच मीच, बॉलमध्ये हवा भरणाराही मीच. मैदान काळ्या मातीचं, उन्हाळ्यात भेगा इतक्या की शिट्टी पडली तर सापडत नाही. मागच्या वर्षी गावातला एक जुना खेळाडू संध्याकाळी नुसता गोलमागे येऊन उभा राहायला लागला. त्याने पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "सर, तुमची पोरगी कॉर्नरच्या वेळी बॉलकडे पाहते, माणसाकडे पाहतच नाही." मी रोज तिच्या समोर उभा असायचो आणि मला ते दिसलं नव्हतं.

आर्सेनलकर, दारव्हा

मास्तरांनी कॉर्नर म्हटलं म्हणून येतो, नाहीतर मी दुसऱ्याच्या मयतीत बोलत नसतो.

४ डिसेंबर २०२४ आठवा. युनायटेडचा कोच म्हणून अमोरिमची आर्सेनलशी पहिली मॅच. आम्ही २-० ने जिंकलो आणि दोन्ही गोल कॉर्नरवरून, टिंबर आणि सलिबा. हे काम निकोलस जोव्हर या माणसाचं. २०२१ मध्ये मँचेस्टर सिटीहून आला, फक्त सेट पीस, म्हणजे कॉर्नर, फ्री किक असे थांबलेल्या बॉलवरचे डाव पाहतो, बाकी कशात डोकं घालत नाही. २०२३-२४ ला लीगमध्ये कॉर्नरवरून आमचे १६ गोल. आमच्या लोकांनी स्टेडियमजवळच्या भिंतीवर त्याचं चित्र काढलं आहे. सहायकाचं! लिव्हरपूलने २०१८ मध्ये नुसत्या थ्रो-इनसाठी टॉमस ग्रोनेमार्क आणला, तेव्हा टीव्हीवरचे जुने खेळाडू हसले होते. दोन वर्षांत चॅम्पियन्स लीगही त्यांची आणि लीगही त्यांची.

तुम्ही त्या डिसेंबरात खाल्लेल्या गोलांचा पुढचा हिशोबही मीच देतो, कारण मला तो पाठ आहे. फॉरेस्टचा मिलेंकोविच, कॉर्नर. लीग कपमध्ये सोनने कॉर्नर थेट गोलमध्ये घातला. बोर्नमथच्या हाउसेनचा हेडर, फ्री किकवरून. आणि २६ तारखेला वोल्व्हजच्या कुन्याने पुन्हा कॉर्नरच थेट आत. एका आठवड्यात दोन वेळा कॉर्नर कोणाला न लागता गोल. हे पान पुरे का?

जागलीवाला, दिग्रस

आर्सेनलकर, पान भेटलं, धन्यवाद. जोव्हरचं चित्र भिंतीवर आहे हे खरं, कप कुठं टांगला तेवढं सांगजा. २०२३ पासून २०२५ पर्यंत तीनही वर्षं लीगमध्ये दुसराच नंबर.

मास्तर, तुमचं वाचून रात्री ग्रुपवर बसून एकेक नाव तपासलं. पहिल्यांदा सगळ्यायचा राग गोलकीपरवाल्या व्हिटलवर. ल्योंच्या मॅचमध्ये आपल्या गोलकीपर ओनानानं दोन गोल खाल्ले, मंग कोचले काढा. पण ओनाना आला २०२३ मध्ये, अन् इस्तंबूलले गलाटासरायसंगं ३-३ झाली तेव्हाही त्यानं हेच केलं होतं. व्हिटल आला त्याच्या वर्षभरानं. मंग त्याच्या डोक्यावर हे पाप कसं मारता? त्याचं नाव खोडलं. मंग म्हणे गोल होत नाही, अटॅकवाला कोच बदला. ३८ मॅचमध्ये ४४ गोल, त्यात हॉयलुंडचे ४ अन् झर्कझीचे ३. तिथं कोच काय करन, स्ट्रायकरच आणा लागते. बरेराचंही राह्यलं, काहून का भर हंगामात, मधातच आलेल्या माणसाले प्री-सीझन, म्हणजे हंगामाआधीची तयारी, भेटलीच नाही, त्याले फिटनेसचा जाब विचारता येत नाही.

उरला कॉर्नर. तिथं मात्र गोष्ट साफ दिसते. अँड्रियास जॉर्जसन नावाचा सेट पीसचाच माणूस क्लबमध्ये होता, २०२४ मध्येच आणला होता. अमोरिम आल्यावर ते काम फर्नांडिसकडं गेलं, जो सहायकही आहे. विंगरचं म्हणणं सगळे घरी, पण मी म्हणतो हे एकच काम एका माणसाले पूर्ण द्या, अन् तो माणूस अमोरिमच्या जुन्या मंडळीतला नको. मास्तरच्या गोलमागच्या माणसासारखा, बाहेरचा.

मजकूर ठरला: "कॉर्नर सांभाळा! सेट पीससाठी स्वतंत्र कोच नेमा. समस्त युनायटेडप्रेमी, दिग्रस-दारव्हा-आर्णी." अमोरिमचा फोटो राहीन, पण हात जोडलेला नाही. खाली "शुभेच्छुक" म्हणून मेडिकलवाल्याचा फोटो टाका लागते, काहून का पैसे त्यानं देल्ले.

वणीचा विंगर

मेडिकलवाल्याचा फोटो अमोरिमपेक्षा मोठा झाला नाही पाहिजे, एवढं पाहा. नाहीतर लोकायले वाटन तोच नवा कोच आहे. अन् पाऊस येन तर फ्लेक्स दोरीनं बांधजा, मागच्या खेपेस आमदारसाहेबाचा उडून मोसंबीच्या बगीच्यात गेला होता.