गल्लीच्या तोंडाला कॅमेरा बसला, पण बगणार कोण?

तिसरं गेटवाला
बेळगावात आमच्या कोपऱ्यावर परवा पोलिसांचा कॅमेरा बसला, मंडळाच्या पोरांनी नारळ फोडायचा तेवढा ठेवलाय. मी पण खुश झालो असतो, पण गेल्या वर्षी मार्केटातनं माझी स्कूटर गेली तेव्हा ठाण्यात म्हणाले त्या खांबावरचा कॅमेरा बंद हाय नि दुसऱ्याच्या पुढं झाडाची फांदी आलीय. चार दिवस हेलपाटे मारले, शेवटी एका भांडीवाल्यानं आपलं रेकॉर्डिंग लावून दाखवलं, त्यात एक पोरगं तोंडाला मफलर गुंडाळून गाडी ढकलत नेतंय, बस्स. आणि हेल्मेट नसलं की मात्र नंबर प्लेटसकट फोटो कसा स्वच्छ येतोय! एक नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या, म्हणजे बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या फेरीत डोक्यावर ड्रोन, समोर कॅमेरा घेतलेला पोलीस, एकेकाचं तोंड टिपूलालाय. ते रेकॉर्डिंग कुठं जातंय, कोण बगतंय, किती दिवस ठेवतात, एवढंच मला सांगा कुणीतरी.

खडेबाजार
कर नाही त्याला डर कशाला ओ? २०१७ च्या कर्नाटक राज्याच्या कायद्यानं एकावेळी १०० माणसं किंवा दिवसाला ५०० गिऱ्हाईक येणाऱ्या जागेला कॅमेरा सक्तीचा हाय, रेकॉर्डिंग ३० दिवस ठेवायचं. माझं दुकान काय तेवढं मोठं नाही पण मी स्वतःच्या खिशातनं चार बसवले. आमच्याच दारात एका मावशीच्या गळ्यातलं तोडून नेलं, पोलीस आले, पेन ड्राइव्हवर घेऊन गेले, आठवड्यात पोरं सापडली. त्या मावशीला विचारा प्रायव्हसी पायजे काय म्हणून.

तिसरं गेटवाला
सावकार, तुमच्याच बोलण्यात उत्तर हाय की. तुम्हाला कायदा सांगतो ३० दिवस, मग पोलिसांच्या खांबावरचं किती दिवस ते आपल्याला का म्हाईत नाही?

खानापूर अपडाऊन
मी बाईमाणूस म्हणून सांगते, रात्री साडेनऊला बस स्टँडवर उभं राहायचं तर मला कॅमेरा पायजेच, तो लाल दिवा दिसला की टवाळ पोरं जरा लांब सरकतात. तुम्हा पुरुषांना ते कळणार नाही. पण आधी तिथली ट्यूब लावा, अंधारात कॅमेरा काय बगणार, कपाळ! आणि शेजाऱ्यानं स्वतःचा कॅमेरा आमच्या परसाकडं फिरवून ठेवलाय, तिथं आम्ही कपडे वाळत घालतो. त्याची तक्रार कुठं द्यायची तेही कुणी सांगत नाही.

निपाणीकर
गाडीचे नंबर टिपा, आमची काय हरकत नाही. कोगनोळीच्या नाक्यावर काय कमी वेळा थांबवलंय आम्हाला, पाहुणे कागलला, आम्ही इकडं, जत्रेला जायचं तरी बॉर्डर. भ्या वाटतंय ते तोंड ओळखणाऱ्या मशीनचं. दिल्ली पोलिसांनी माहिती अधिकारात सांगितलेलं की ८० टक्क्यांच्या वर जुळलं की ते पॉझिटिव्ह, म्हणजे हाच तो माणूस, असं धरतात. आमची आई जन्मभर विड्या वळली, तंबाखूनं बोटं झिजली, रेशनच्या मशीनला तिचा अंगठा लागत नाही, तीनदा पदराला पुसून लावते तरी नाही. तिथं साखर तांदूळ तेवढे राहतात, पण उद्या कॅमेरा म्हणाला की हेच ते तोंड, तर मग कुठल्या पदराला पुसायचं?

खडेबाजार
मशीन म्हणाली म्हणून कोण फासावर देत नाही, पुढं तपास असतो, कोर्ट असतं.

शहापूर, लॉ लास्ट इयर
काका, तपास होईपर्यंत ठाण्यात बसवलेलं असतं ना. २०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा मूलभूत हक्क हाय म्हणून सांगितलंय, पण लोकांची खासगी माहिती जपायच्या २०२३ च्या डेटा कायद्यात सरकारी यंत्रणांना सूट द्यायची वाट ठेवलीय. आणि गंमत बगा, २०२० च्या डिसेंबरात कोर्टानं सांगितलं की प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे पायजेत, लॉकअपमध्ये पण, रेकॉर्डिंग १८ महिने ठेवायचं. तरी २०२५ च्या सप्टेंबरात कोर्टाला बंद कॅमेऱ्यांची स्वतःहून परत दखल घ्यावी लागली. म्हणजे आपल्याकडं तोंड केलेला कॅमेरा चालू नि त्यांच्याकडं तोंड केलेला बंद, असं नको.

खडेबाजार
हे मात्र बरोबर बोललास. ठाण्यातला पण चालू पायजे.

तिसरं गेटवाला
मग माहिती अधिकारात अर्ज टाकूया की, दहा रुपयाचं तर काम. कोपऱ्यावरचं रेकॉर्डिंग किती दिवस, बगायची परवानगी कुणाला, फेरीतलं ड्रोनचं पुसलं की ठेवलं. फक्त अर्ज कन्नडमध्ये दिलेला बरा, नाहीतर उत्तर कधी यायचं. माझं कन्नड बाजारापुरतं, लिहायला कोण हाय काय?

खडेबाजार
आमचा मुनीम फस्क्लास लिहितो, उद्या दुपारी दुकानात या, चहा पण घेऊ. फक्त अर्जावर माझं नाव नको घालूया.