मुखकर्करोग, पहिला टप्पा: गाठीच्या मार्कर चाचण्या करून घ्याव्यात का?

प्रश्न (कोथरूड):
माझी आई 61 वर्षांची असून तिला अनेक वर्षे मिश्री लावण्याची सवय होती. गेल्या महिन्यात तिच्या गालातली गाठ आणि मानेच्या लसिकाग्रंथी शस्त्रक्रियेने काढल्या. अहवालात गाठ 1.8 सेंटिमीटर, खोली 4 मिलिमीटर, कडा मोकळ्या (म्हणजे कापलेल्या कडेला कर्करोग नाही) आणि सर्व ग्रंथी कर्करोगमुक्त असे लिहिले आहे. डॉक्टरांनी केवळ नियमित तपासणीस बोलावले आहे. परंतु केआय-67, पी53 आणि ईजीएफआर या मार्कर चाचण्यांवरून (गाठीतील ठरावीक प्रथिने शोधणाऱ्या चाचण्या) आजार उलटेल की नाही हे कळते, असे एका परिचितांनी सांगितल्यापासून घरात कोणालाच स्वस्थता नाही. त्या कराव्यात का?

उत्तर 1 (पॅथॉलॉजिस्ट, डेक्कन):
ताई, माझे मत नको असेच आहे. या चाचणीत काढलेली गाठ ज्या मेणाच्या ठोकळ्यात जपतात त्यातून पातळ काप घेऊन त्यावर अँटिबॉडी (ठरावीक प्रथिनाला चिकटणारा पदार्थ) घालतात आणि तपकिरी रंगलेल्या पेशी मोजतात. केआय-67 पेशींच्या विभाजनाचा वेग दाखवते, परंतु किती टक्क्यांना धोका म्हणायचे याची सर्वमान्य सीमारेषा मुखकर्करोगात ठरलेली नाही, आणि आकडा काहीही आला तरी या टप्प्यातले उपचार त्यावरून बदलत नाहीत. पी16 या आणखी एका मार्करचेही असेच आहे: घशाच्या, म्हणजे टॉन्सिलकडच्या कर्करोगात ती अत्यंत महत्त्वाची आहे, गालाच्या कर्करोगात नाही. याउलट साध्या रंगाच्या काचपट्टीतच पुष्कळ माहिती असते. गाठीच्या पुढच्या कडेला पाचापेक्षा कमी पेशींचे सुटे पुंजके दिसतात का, ज्याला ट्यूमर बडिंग म्हणतात, आणि पेशी मज्जातंतूभोवती शिरल्या आहेत का, हे अहवालात नसेल तर त्याच प्रयोगशाळेला लेखी विचारावे. ‘कडा मोकळ्या’ एवढ्यावर थांबू नये; गाठीपासून कापलेल्या कडेपर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मागावे, कारण ते 5 किंवा अधिक असणे चांगले.

उत्तर 2 (शल्यविशारद):
मानेतल्या ग्रंथी आधीच काढल्या आहेत, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. टाटा मेमोरियलच्या 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुरुवातीलाच मानेची शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी 80 टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते, तर ग्रंथी वाढेपर्यंत थांबलेल्यांत हे प्रमाण 67.5 टक्के होते. आजार उलटलाच तर बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत उलटतो, म्हणून तपासणीची एकही तारीख चुकवू नये आणि मिश्री पूर्ण बंद ठेवावी.

उत्तर 3 (रुग्णाचा मुलगा, हडपसर):
काचपट्ट्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टना दाखवायच्या असतील तर लेखी अर्ज करून त्या आणि ठोकळा मागता येतो. वडिलांच्या वेळी आम्ही ठोकळा एप्रिलमध्ये गाडीत ठेवला आणि मेण मऊ पडले. आपण तो सावलीत, थंड जागी ठेवावा.