मांजर तेलाने माखलंय, कसं काढू? तातडीने मदत हवी आहे

सावली२१
बोका पूर्ण तेलाने माखलाय. पोट, मागचे पाय, शेपूट, सगळं चिकट. पाण्याने निघत नाहीये, उलट पसरतंय. हात लावला की बोचकारतो. मागे रंगाच्या डब्यात पाय घालून घरभर ठसे उमटवले होते, तेव्हा निदान पाण्याने निघाले. हे निघतच नाही. काय लावलं की पटकन जाईल? सोफ्यावर चढायला बघतोय. लवकर सांगा.

तिखटमीठ
तेल म्हणजे कोणतं? डोक्याला लावायचं, स्वयंपाकाचं, की आणखी काही? फोटो टाका शक्य असेल तर.

पाटीपेन्सिल
काही लावू नका. मांजर स्वतःला चाटून स्वच्छ करतं, त्याचं ते काम त्याला करू द्या. आमच्या माऊने चौदा वर्षांच्या आयुष्यात आंघोळ पाहिली नाही आणि शेवटपर्यंत अंग चकचकीत होतं. माणसांनाच उगाच घाई असते.

रानजाई
चाटू देऊ नका! तेल कुठलं ते कळेपर्यंत तर मुळीच नाही. मांजराच्या जिभेवर घशाच्या दिशेने वळलेले काटे असतात. जिभेवर आलेलं त्याला थुंकता येत नाही, ते गिळलंच जातं. जे अंगावर आहे ते बघता बघता पोटात जाईल. जाड टॉवेलात चारही पाय आत घेऊन गुंडाळा आणि कुणाला तरी धरून बसायला सांगा. बाकीचं त्यानंतर.

गच्चीवरचा
टर्पेंटाइन. फडक्यावर घ्या आणि पुसा, दोन मिनिटांत साफ. नसेल तर रॉकेल. ऑइल पेंटचे हात आम्ही असेच धुतो.

रानजाई
@गच्चीवरचा, कृपा करून असले सल्ले देऊ नका, कुणीतरी खरंच करेल. टर्पेंटाइनने मांजराची कातडी भाजते. केसांत राहिलेलं चाटताना फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया. रॉकेल, पेट्रोल, थिनर यांचंही तेच.

गच्चीवरचा
थोडंसंच लावायचं आणि लगेच साबणाने धुवायचं. आमच्या कुत्र्याला केलं होतं, काही झालं नाही. अनुभवाचं सांगतोय.

कडूलिंब
कुत्र्याचा अनुभव मांजराला लावू नका. फिनॉलसारखे पदार्थ यकृतात निकामी करायला जे एन्झाइम लागतं ते मांजरात फारच कमी असतं. फिनाईलने पुसलेल्या ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटले तरी मांजर आजारी पडू शकतं. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्यांच्या गोचिडांच्या औषधातलं परमेथ्रिनही तसंच, कुत्रा आरामात फिरतो आणि त्याच्याशेजारी झोपलेल्या मांजराला झटके येतात.

सावली२१
अहो, वाद नंतर घाला ना. गाडीचं तेल आहे, काळं. आता सांगा काय लावू. टॉवेलात गुंडाळलाय, जोरजोरात ओरडतोय.

ओलावा
इंजिन ऑइल का? नवीन की जळकं? अंगावर सांडलं की कशात बसला होता? किती वेळ झाला?

सुगरण७
मी सांगते नीट. आधी हातमोजे घाला. कागदी टॉवेलने जेवढं टिपून निघेल तेवढं टिपा, चोळू नका. मग भांडी घासायचा लिक्विड साबण कोरड्या केसांवरच लावा, पाणी नंतर. तिथेच सगळे चुकतात, आधी पाणी ओततात आणि तेल पसरत जातं. हलक्या हाताने फेस करा, कोमट पाण्याने धुवा, पाणी स्वच्छ दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा. चेहऱ्याला ओलं फडकं फक्त, डोळ्यांत साबण नको. टबमध्ये खाली जुना टॉवेल अंथरा, पाय घसरले नाहीत तर मांजर निम्मं शांत राहतं. आणि शॉवर नको, मग्याने घाला, त्या आवाजालाच ती घाबरतात.

तिखटमीठ
साबणाच्या आधी खायचं तेल चोळतात ना? मी असं वाचलंय.

सुगरण७
ते घट्ट ग्रीस, डांबर किंवा उंदराच्या सापळ्याचा गोंद असेल तर. त्यात खायचं तेल मुरवलं की ते सैल होतं. पातळ ऑइलला गरज नाही, थेट साबण.

मनमोकळी
नमस्कार. मांजर अशा घाणीत लोळतं तेव्हा बऱ्याचदा मूळ कारण लिटर बॉक्स, म्हणजे त्याची शी-शूची खड्यांची पेटी असते. मांजरं जितकी, त्याहून एक बॉक्स जास्त ठेवावा. बॉक्स खाण्याच्या जागेपासून लांब हवा. सुवासिक लिटर बहुतेकींना आवडत नाही. झाकणाचा बॉक्स असेल तर झाकण काढून बघा. आमच्याकडे हा बदल केल्यावर कुंड्या उकरणं पूर्ण थांबलं.

सावली२१
लिटर बॉक्सचा काही संबंध नाही हो. गाडीचं काम घरीच केलं, खाली ट्रे होता, त्यात जाऊन लोळलाय. जळकं ऑइल. अर्धा तास झाला असेल, जास्तही असेल, मी वर होते. सुगरणताई, साबण लावते आता. नंतर हेअर ड्रायर चालेल का?

ओलावा
थांबा. ट्रेमध्ये फक्त ऑइलच होतं का? ब्रेक ऑइल, कूलंट (इंजिन थंड ठेवायला घालतात ते) असं काही? मी प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते, म्हणून विचारतेय.

सुगरण७
ड्रायर नको, आवाजाने बिथरेल आणि कातडी भाजायचीही भीती. टॉवेलने टिपा आणि उबदार खोलीत ठेवा. ओलं मांजर लवकर गारठतं, पिल्लू असेल तर फारच.

ओलावा
@सावली२१, कूलंटचं सांगा. महत्त्वाचं आहे.

सावली२१
हो, कूलंटपण काढलं होतं, त्याच ट्रेमध्ये. हिरवं. का?

ओलावा
आंघोळ राहू द्या, आहात तशा डॉक्टरांकडे निघा. वाटेतून फोन करून सांगा की एथिलीन ग्लायकॉलचा संशय आहे, म्हणजे ते तयारीत राहतील. बहुतेक कूलंटमध्ये तेच असतं. गोडसर लागतं आणि मांजराला फार थोडं पुरतं, अंगावरून चाटलेलंसुद्धा. त्यावर उतारा आहे, पण मांजरात तो पहिल्या तीनेक तासांतच नीट काम करतो. त्यानंतर किडन्या जायला लागतात.

कूलंटची बाटली सोबत घ्या. रंगावरून आत काय आहे ते कळत नाही, लेबल लागतं. टॉवेल सोडू नका. उलटी करवू नका, ऑइल श्वासनळीत जाईल. अडखळत चालतोय का, लाळ, उलटी, खूप पाणी पितोय का ते बघत राहा. आणि मध्येच अगदी ठीक वाटला तरी परत फिरू नका. या विषात दारू प्यायल्यासारखं झोकांड्या खाणं काही तासांनी थांबू शकतं, लोकांना वाटतं उतरलं.

घरात दुसरं मांजर आहे का? त्याने याला चाटलंय का?

सावली२१
चिंगी आहे. चाटलंय. मान आणि पाठ चाटत होती मघाशी. दोघांना घेऊन निघतेय.

रानजाई
सुखरूप पोचा. कळवा.

पाटीपेन्सिल
एवढं घाबरवायची गरज होती का? पोटात काही गेलंच नसेल कदाचित.

ओलावा
कदाचित. पण लक्षणं दिसेपर्यंत थांबलं तर उताऱ्याची वेळ निघून गेलेली असते. न गेलेल्या विषासाठी दवाखान्यात चक्कर झाली तरी चालेल मला.

कडूलिंब
ओलावा यांना पूर्ण अनुमोदन. गाड्यांचा विषय निघालाच आहे तर, मांजरं बॉनेटच्या आत इंजिनाच्या उबेला जाऊन झोपतात. गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारत जा. पट्ट्यात सापडलेलं मांजर मी पाहिलंय, पुन्हा बघायची इच्छा नाही.

तिखटमीठ
लिलीच्या फुलांबद्दलपण सांगा कुणीतरी. आमच्या शेजारच्यांच्या मांजरीच्या नाकाला पिवळे पराग लागले होते, सगळे कौतुकाने फोटो काढत होते.

कडूलिंब
खऱ्या लिली आणि डे-लिली मांजर असलेल्या घरात नकोतच. पराग अंगावर पडले आणि चाटले तरी किडनी निकामी होते, फुलदाणीतलं पाणीही विषारी. पराग दिसले तर पुसून लगेच डॉक्टर, फोटो नंतर.

गच्चीवरचा
मी परत सांगतो, माझा सल्ला कोरड्या ऑइल पेंटपुरता बरोबर आहे. केसांच्या टोकाला लागलेला पेंट साबणाने निघणार नाही, करून बघा.

सुगरण७
नाही निघणार, मान्य. मग तेवढे केस कापायचे. तेही गोल टोकाच्या कात्रीने, मध्ये कंगवा धरून, कारण मांजराची कातडी पातळ असते आणि केसांबरोबर ओढली जाऊन कात्रीत येते. कातडीजवळ चिकटलं असेल तर ट्रिमर. टर्पेंटाइनची वेळ कुठेच येत नाही.

पाटीपेन्सिल
म्हणजे आता मांजरांना साबण, ट्रिमर, टब. मग मांजर पाळावं कशाला? माझं मत कायम आहे, निरोगी मांजराला आंघोळ घालू नये.

रानजाई
निरोगी आणि स्वच्छ मांजराला नकोच, कोण घाला म्हणतंय? धूळ, माती, चिखल त्याचं ते बघून घेतं. प्रश्न फक्त असल्या गोष्टींचा, ज्या त्याच्या पोटात जाऊन चालणार नाहीत. चिखलात लोळलेल्या मांजराला मी हातही लावत नाही, वाळला की ब्रशने झडतो.

मनमोकळी
चिखल वाळल्यावर झडतो, पण लिटर पंजांना चिकटतं त्याचं काय करावं? बॉक्ससमोर पायपुसणं ठेवलंय, तरी गादीत खडे येतात.

तिखटमीठ
त्यासाठी वेगळा धागा काढा ना ताई. इथे सावलीच्या बोक्याचं चाललंय.

सावली२१
आत्ता घरी आले. सगळ्यांचे आभार, ओलावाताई तुमचे विशेष.

बाटलीवर एथिलीन नाही, प्रोपिलीन ग्लायकॉल निघालं. डॉक्टर म्हणाल्या की त्या मानाने पुष्कळ बरं, पण मांजराच्या रक्तातल्या लाल पेशींना तेही मानवत नाही, त्यामुळे दोघांचं रक्त तपासलं आणि उद्या परत बोलावलंय. आजच्या तपासणीत दोघांच्या किडन्या ठीक आहेत. बंड्याला तिथेच साबण लावून धुतला, पोटाखालचे केस मशीनने काढले. जळक्या ऑइलने एक-दोन दिवस जुलाब होतील म्हणाल्या, पाणी पिणं कमी झालं किंवा धाप लागली तर लगेच आणा असं सांगितलंय. चाटू नये म्हणून गळ्यात कॉलर आहे, त्यामुळे चिडलाय. ट्रे रिकामा करून बंद डब्यात भरून ठेवलं सगळं, फरशीवर सांडलेलंही पुसून घेतलं.

आता नवीनच प्रकार. चिंगी त्याला घरात घेत नाहीये. दोघं लहानपणापासून एकत्र आहेत, एका टोपलीत झोपतात, आणि आज ती त्याच्यावर फिसकारतेय, पंजा उगारतेय. त्याला कळतच नाहीये काय झालं ते, कोपऱ्यात जाऊन बसलाय. मला बघवत नाहीये. हे किती दिवस चालतं?

ओलावा
बाटलीचं वाचून जीव भांड्यात पडला. उद्या मात्र चुकवू नका.

चिंगीचं नेहमीचं आहे, दवाखान्यातून आलेल्या मांजराला घरातलं मांजर ओळखत नाही. त्यांची ओळख वासावर, आणि बंड्याला आज साबणाचा आणि दवाखान्याचा वास येतोय. शिवाय कॉलर. त्याला रात्रभर वेगळ्या खोलीत ठेवा, पाणी, खाणं, लिटर बॉक्स तिथेच. ते दोघं झोपायचे त्या टोपलीतलं कापड त्याच्याजवळ ठेवा. चिंगीच्या गालांवरून मऊ फडकं फिरवून तेच त्याच्या पाठीवरून फिरवा, पोटाला नको, तिथली कातडी आज हुळहुळी असेल. बहुतेक एक-दोन दिवसांत निवळतं. बळजबरीने समोरासमोर धरू नका आणि ती फिसकारली तर रागावू नका.

सावली२१
त्या टोपलीत गॅरेजमधून आणलेली जुनी चादर आहे, तिला ऑइल लागलेलं असू शकतं का?

ओलावा
असू शकतं. मग ती काढूनच टाका. चिंगी एकटी जिथे झोपते तिथलं काही आहे का? तिचं एखादं कापड, स्वेटर, काहीही.

सावली२१
माझी शाल आहे. तीच देते.